मदत हवी आहे: हॉलचे पडदे आणि लाकूडकाम आगरोधक करायचंय

नमस्कार मंडळी. अमळनेरला आमच्या मंडळाचा छोटा हॉल आहे. सुती पडदे, प्लायवूडचं पॅनेलिंग, वर हॅलोजन. त्यात खान्देशातला मे महिना!

सुती कापड ७ भाग बोरॅक्स, ३ भाग बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून वाळवतात, हे माहीत आहे. धुतलं की क्षार निघून जातात, पुन्हा करावं लागतं, तेही चालेल. पण पॉलिएस्टरच्या झालरींवर हे द्रावण धरत नाही. त्या बदलूनच टाकू का?

प्लायवूडवर जुनं पॉलिश आहे. उष्णतेने फुगणारा आगरोधक रंग लावायचा तर ते आधी खरवडावं लागेल ना? दुकानदार म्हणतो, वरूनच मारा. मला पटत नाही.

जळगाव-धुळ्याकडे हे काम करणारी परवानाधारक एजन्सी माहीत आहे का? चौरस फुटाला दर काय?