शब्दचर्चा : ‘अल्ट्रासाऊंड-मार्गदर्शित’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न (आर्वी, जि. वर्धा)
मोठ्या बाबांच्या डोक्यात गाठ निघाली. नागपूरले ऑपरेशन ठरलं. संमतीपत्रावर छापलंय, ‘अल्ट्रासाऊंड-मार्गदर्शित अर्बुद उच्छेदन’. अर्बुद म्हणजे गाठ, हे विचारून समजलं. पण ‘मार्गदर्शित’ कायले? आई म्हणते, “मार्गदर्शन करणारा डॉक्टर दुसरा राहते काय?” अन् सोनोग्राफी तर गरवार बाईची करतात. डोक्याची कशी करतील?

उत्तर (सेवाग्राम)
आईंची शंका रास्त आहे भाऊ. मार्गदर्शन माणूस करतो : गुरुजी, वकील, कृषी सहायक. इथे अर्थ एवढाच, की सर्जन सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत-पाहत गाठ काढतात.

डोक्याची सोनोग्राफी बाहेरून नीट होत नाही, हे खरं. सोनोग्राफी म्हणजेच अल्ट्रासाऊंड, ती ध्वनीवर चालते. माणसाला ऐकू येतो त्याच्या, म्हणजे २०,००० हर्ट्झच्या, वरचा हा ध्वनी बराचसा कवटीच्या हाडातच अडकतो. ऑस्ट्रियाच्या कार्ल डुसिक यांनी १९४० च्या दशकात कवटीतून मेंदूचं चित्र काढायचा प्रयत्न केला. पुढे लक्षात आलं की ती चित्रं बरीचशी हाडाचीच होती. तान्ह्या बाळाचं मात्र जमतं. आजी जिथे तेल भरते, त्याच मऊ टाळूवर प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा अंगावर टेकवायचा दांडा, ठेवतात. मोठ्यांची टाळू भरलेली असते, म्हणून ऑपरेशनमध्ये हाडाचा तुकडा काढल्यावर निर्जंतुक पिशवीत घातलेला प्रोब टेकवतात.

एमआरआय असताना हे कशासाठी? एमआरआय आधीचा असतो. कवटी उघडली, मेंदूभोवतीचं पाणी निघालं, गाठ कमी होऊ लागली, की मेंदू जागचा सरकतो. नदीनं काठ खाल्ल्यावर जुन्या नकाशावरून शेताचा धुरा, म्हणजे बांध, शोधण्यासारखं होतं ते. सोनोग्राफी त्या घडीचं दाखवते. गाठ बहुधा आजूबाजूच्या मेंदूपेक्षा पांढुरकी दिसते. पण सुजेचा भागही तसाच दिसू शकतो, आणि गाठ काढलेल्या खळग्यात सलाईन भरून पाहताना हवेचे बुडबुडे राहिले तर चित्र बिघडतं. शेवटी निर्णय सर्जनचाच. म्हणूनही मला ‘मार्गदर्शित’ पटत नाही. यंत्र वाट दाखवतं आणि डॉक्टर मुकाट चालतात, असं वाटतं त्यातून.

प्रतिक्रिया (पुसद)
‘पाहत-पाहत’ सरकारी कागदावर शोभेल का? ‘श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने’ म्हटलं तर?

उत्तर (सेवाग्राम)
का नाही शोभणार? ‘साहाय्याने’ चूक नाही, पण तपासणी आधी झाली की ऑपरेशन चालू असताना, हे त्यातून कळत नाही. ‘पाहत-पाहत’ मध्ये ते आपोआप येतं. ‘श्राव्यातीत’ पाठ्यपुस्तकात असू द्या. सही करणाऱ्याला सोनोग्राफीच कळते. फक्त १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याचे फलक केंद्राकेंद्रावर वाचून हा शब्द गरोदरपणाशी जखडला गेलाय, म्हणून ‘मेंदूची’ हे आधी लिहायलाच हवं. आणि ‘उच्छेदन’ वाचून गाठ मुळासकट जाणारच असं वाटतं, तसं दर वेळी होत नाही. मी लिहीन : ‘कवटीचा तुकडा काढून, मेंदूची सोनोग्राफी पाहत-पाहत, धोका न वाढवता निघेल तितकी गाठ काढणे.’

प्रश्न (आर्वी)
आईले वाचून दाखवलं. विचारते, हाडाचा तुकडा परत बसवतात न?

उत्तर (सेवाग्राम)
बहुतेकदा त्याच ऑपरेशनमध्ये बसवून बारीक पट्ट्या-स्क्रूने पक्का करतात. सूज फार असली तर काही काळ बाहेर ठेवतात. मोठ्या बाबांचं काय ठरलंय, ते सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि आईंना सोबत न्या.