एकाच घरात फुप्फुसाचे दोन कर्करोग: गोळी एकीलाच का?

रानजाई: माझ्या वडिलांनी पस्तीस वर्षे विडी ओढली, दिवसाला एक बंडल सहज संपत असे. गेल्या महिन्यात त्यांच्या बायोप्सीच्या अहवालात ‘स्मॉल सेल’, म्हणजे लहान पेशींचा फुप्फुसाचा कर्करोग, असे आले. माझ्या आत्याने तंबाखूला कधी हातही लावला नाही, तरी दोन वर्षांपूर्वी तिला अॅडेनोकार्सिनोमा हा फुप्फुसाच्या कर्करोगाचा दुसरा प्रकार निघाला. ती रोज एक गोळी घेते आणि घरचे सगळे करते. वडिलांना मात्र लगेच केमोथेरपी सुरू झाली. गोळीबद्दल विचारल्यावर ‘आजार वेगळा आहे’ एवढेच उत्तर मिळाले. शिवाय ‘आता विडी सोडून काय उपयोग?’ असे वडील म्हणतात, ते निराळेच.

सूक्ष्मदर्शी: उत्तर त्रोटक असले तरी बरोबर आहे. स्मॉल सेल आणि स्क्वॅमस सेल या प्रकारांचे धूम्रपानाशी नाते सर्वांत घट्ट आहे. त्यातही स्मॉल सेल कधीच न ओढलेल्या माणसात क्वचितच दिसतो. न ओढणाऱ्यांत बहुधा अॅडेनोकार्सिनोमा आढळतो आणि त्यांतील अनेकांच्या गाठीत ईजीएफआरसारख्या एखाद्याच जनुकातील बदल आजार चालवत असतो. आत्याबाईंची गोळी बहुधा असाच बदल रोखणारी असावी. स्मॉल सेलमध्ये, वर्षानुवर्षांच्या धुराने जनुकांची इतकी मोडतोड झालेली असते की नेम धरावा असे एकच ठिकाण सहसा सापडत नाही. मात्र ‘ओढत नाही, म्हणजे गोळी लागू’ असेही नाही: २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पूर्व आशियातील एका चाचणीत बहुतेक कधीच न ओढलेले रुग्ण घेतले होते, तरी तपासलेल्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांतच हा बदल सापडला, आणि ज्यांच्यात तो नव्हता त्यांना गोळीपेक्षा केमोथेरपीच सरस ठरली.

पाणवठा: ‘काय उपयोग’ याचे उत्तर आकड्यांत आहे. सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांवरील अभ्यासांचा एक आढावा २०१० मध्ये आला. छातीच्या एका बाजूपुरत्या मर्यादित स्मॉल सेलमध्ये ६५ वर्षांचे रुग्ण पाच वर्षे जगण्याचे प्रमाण, ओढत राहिल्यास २९ टक्के आणि सोडल्यास ६३ टक्के, असा अंदाज त्यात मांडला होता. अभ्यास थोडे होते, त्यामुळे आकडे जपूनच घ्यावेत. आजार पसरला असेल तर ते लागूही होत नाहीत. वडिलांचा टप्पा कोणता, हे आधी विचारून घ्या.

रानजाई: अहवालात ‘मर्यादित’ असेच लिहिले आहे. खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात अजून अर्धे बंडल आहे. हे दोन आकडे आज त्यांनाच वाचायला देते.