अनुभव धागा: करकचून ब्रेक, आपोआप लागणारे हॅझर्ड आणि गाडी नीट थांबवणं

चौथा_गिअर
परवा पुढच्या गाडीने करकचून ब्रेक मारला आणि तिचे मागचे दिवे फडफडायला लागले. ते बघून जुन्या गाड्यांतलं स्टिअरिंगजवळचं हॅझर्डचं लाल ओढायचं बटण आठवलं. नेमक्या नको त्या वेळी एक हात काढून ते ओढायचं. आता गाडी ते काम स्वतः करते, पण कधी करते आणि कधी हात वर करते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जाणकारांनी लिहा. ‘मी आणि माझी गाडी’ पुराण नको, नेमकं लिहा.

सुरुवात मीच करतो. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रेक चालू असताना दिवे भराभर लुकलुकतात तो ‘इमर्जन्सी स्टॉप सिग्नल’. गाडी थांबत आल्यावर नेहमीच्या चालीने चारही इंडिकेटर लागतात ते हॅझर्ड. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांप्रमाणे (४८, १३ आणि १३-एच) पहिला सिग्नल ५० किमीच्या वरच्या वेगातच सुरू होतो. कारसाठी मंदन (वेग उतरण्याचा दर) किमान ६ मीटर प्रति सेकंद वर्ग लागतं, ट्रक-बससाठी ४. मंदन अडीचच्या खाली आलं की तो बंद व्हायलाच हवा. लुकलुक सेकंदाला साधारण ४ वेळा. साधा इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२०, म्हणजे सेकंदाला एक-दोनदा. हा फरक मागच्याच्या डोळ्याला लगेच कळतो.

शंकेखोर
६ मीटर प्रति सेकंद वर्ग म्हणजे किती? आम्ही शाळेत तो धडा ऑप्शनला टाकला होता.

घाटवाट
@शंकेखोर, दर सेकंदाला वेग सुमारे २२ किमीने उतरतो. बेल्ट छातीला आवळतो, मागच्या सीटवरची पिशवी खाली पडते, डॅशबोर्डवरचा मोबाइल पायात येतो. रोजचं सिग्नलचं थांबणं २-३ च्या आसपास असतं. म्हणून चारचौघांसारखा ब्रेक मारून ‘माझ्या गाडीत हे फीचर चालत नाही’ अशी तक्रार करू नका. ६ ही खालची मर्यादा आहे, कंपनी त्याहून वर ठेवू शकते.

बोनेटखाली
भर घालतो. निसरड्या रस्त्यावर टायरला पकडच नसते, त्यामुळे ६ चा आकडा येतच नाही. त्यासाठी नियमात दुसरी वाट आहे: एबीएस (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) पूर्ण जोरात काम करत असेल तरी सिग्नल देता येतो. आणि दिवे कोणते लुकलुकवायचे हे कंपनीवर आहे. काही गाड्यांत ब्रेकलाइट, काहींत इंडिकेटर. अमेरिकेत ब्रेकलाइट एकसारखाच जळला पाहिजे असा नियम आहे, म्हणून तिकडच्या गाड्यांत तो फडफडताना दिसत नाही.

उनाड_चाक
हॅझर्ड म्हणजे ‘कुठेही गाडी उभी करायचा परवाना’ समजणाऱ्यांनी पण अनुभव लिहावेत 😄

निवांत७
+१ वरच्याला. त्यांचे चारही इंडिकेटर चालू आणि माणूस दुकानात.

घाटवाट
मुद्द्यावर येतो. लोकांची गफलत इथे होते: पुढे रांग लागलीये, तुम्ही शहाण्यासारखे लांबूनच पाय काढलात, हलका ब्रेक. गाडीच्या हिशोबाने इमर्जन्सी नाहीच, त्यामुळे ती गप्प. मागून १०० ने येणाऱ्याला मात्र तुमचे साधे ब्रेकलाइट दिसतात आणि तुम्ही थोडे हळू झालात की पूर्ण थांबताय हे कळत नाही. इथे हॅझर्ड हातानेच लावायचा.

क्रम असा. आधी आरशात बघा. ब्रेकवर हलका पाय ठेवा म्हणजे दिवा लवकर लागेल. मग हॅझर्डचं बटण. पुढच्या गाडीचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसतील इतकं अंतर सोडून थांबा. थांबल्यावरही गिअर काढायची घाई नको, क्लच दाबून पहिल्यात राहा आणि आरसा सोडू नका. मागचा नीट थांबतोय असं दिसेना, तर समोर सोडलेली जागा आणि बाजूची पट्टी हेच काय ते तुमच्या हातात. मागे दोन-तीन गाड्या उभ्या राहिल्या की हॅझर्ड बंद. चालूच ठेवला तर पुढे लेन बदलताना तुमचा इंडिकेटर कुणाला कळणार नाही.

पेडलपुराण
कपड्यांचं मशीन लावलंय, तेवढ्यात लिहिते.

एबीएस असलेल्या गाडीत पेडल एकदाच, पूर्ण जोर लावून दाबायचं आणि दाबूनच ठेवायचं. पायाखाली घरघर होते, पेडल थरथरतं, काही गाड्यांत थोडं उलटही ढकलतं. बरेच जण घाबरून तिथेच पाय उचलतात आणि थांबायचं अंतर वाढतं. पंपिंग (पेडल दाब-सोड करणं) एबीएस नसलेल्या गाडीसाठी होतं. माणसं घाईत पेडल जलद मारतात पण पुरेसं जोरात दाबत नाहीत, हे दिसल्यावरच ब्रेक असिस्ट आला. मर्सिडीजने १९९६ मध्ये तो गाडीत दिला. पेडल किती झपकन खाली गेलं त्यावरून तो ओळखतो आणि उरलेला जोर स्वतः लावतो.

मॅन्युअलवाल्यांनो, क्लचही सोबत दाबा. इंजिन बंद पडलं तर पॉवर स्टिअरिंग जड होऊ शकतं, आणि ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमध्ये उरलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांपुरताच. आणि बघायचं मोकळ्या जागेकडे, ज्याला धडक बसेल त्याच्याकडे नाही. एबीएस आहेच मुळी ब्रेक दाबलेला असताना स्टिअरिंग वळावं म्हणून.

चौथा_गिअर
वा पेडलपुराण, नाव सार्थ केलंत.

शंकेखोर
१०० वर किती मीटरात थांबते गाडी?

बोनेटखाली
१०० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा, ते २८ मीटर फुकट. मग कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरवर ८ चं मंदन धरलं तर आणखी ४८. एकूण ७६. वेग ५० असेल तर १४ अधिक १२, म्हणजे २६ च. वेग दुप्पट, ब्रेकिंगचं अंतर चौपट. एलईडी ब्रेकलाइट साध्या बल्बपेक्षा साधारण ०.२ सेकंद आधी पूर्ण पेटतो. १०० च्या वेगात मागच्याला तेवढ्यात साडेपाच मीटर मिळतात, एका कारच्या लांबीहून जास्त.

रिलेवाला
एलईडीचं नाव निघालंच आहे तर. बाहेरून एलईडी बल्ब बसवला की इंडिकेटर दुप्पट वेगाने पळतो, हे सगळ्यांनी बघितलंय. कारण साधं आहे. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, एलईडी त्याचा किरकोळ भाग. रिलेला (दिवा लुकलुकवणारा स्विच) किंवा बॉडी कंट्रोल मॉड्यूलला (दिवे वगैरे सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर) वाटतं बल्ब गेला, म्हणून ते भराभर लुकलुकून ड्रायव्हरला सांगतं. मागच्याला मात्र साधं वळणसुद्धा इमर्जन्सी वाटतं.

उपाय म्हणून ६ ओम, ५० वॅटचा लोड रेझिस्टर लावतात, म्हणजे बल्बइतकी वीज ओढली जाते. तो लागलेला असेपर्यंत २४ वॅट उष्णता टाकतो, हाताला चटका बसेल इतका तापतो. पत्र्यावर स्क्रूने कसा. प्लॅस्टिकवर किंवा हार्नेसला (वायरच्या जुडग्याला) टेपने गुंडाळलेला दिसला तर लगेच काढा, वायरचं इन्शुलेशन वितळतं. जुन्या गाडीत बल्ब किती वीज ओढतो यावर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर रिले हा स्वच्छ मार्ग. नव्या गाडीत वेगळा रिले नसतोच, तिथे कोडिंग, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये बदल.

आणि प्रत्येक ब्रेकला फडफडणारे जे मॉड्यूल मिळतात ते मुळीच लावू नका. सिग्नलला थांबतानाही दिवा नाचायला लागला की खऱ्या इमर्जन्सीला मागचा लक्ष देत नाही. लांडगा आला रे आला, दुसरं काय.

उनाड_चाक
ते मॉड्यूलवाले आता तुमच्या मागे लागणार रिलेवाले. पळा.

रिलेवाला
लागू देत, अंतर ठेवून लागा म्हणावं.

निवांत७
ब्रेक मारून गाडी थांबली आणि हॅझर्ड आपोआप लागला. तो बंद कसा करायचा? शेजारच्या काकांच्या गाडीचा चालूच राहतो, ते फार वैतागलेत.

बोनेटखाली
बहुतेक गाड्यांत परत वेग घेतला की आपोआप जातो, नाहीतर बटण एकदा दाबायचं. एअरबॅग उघडल्यावर लागलेला हॅझर्ड वेगळा, तो मुद्दाम टिकून राहतो. काकांना सांगा, बटण दाबूनही जात नसेल तर स्विचच बघायला हवा. तिथे धूळ-चिकटपणा फार होतो, कारण लोक ते बटण क्वचितच दाबतात.

निवांत७
सांगते. ते म्हणतात गाडीला राग आलाय 😀

दोनचाकी
मुसळधार पावसात हॅझर्ड लावून चालवणाऱ्यांचं काय करायचं ते सांगा आधी.

घाटवाट
त्यांना फॉगलाइटचं बटण दाखवायचं. चालत्या गाडीचा हॅझर्ड लागला की वळायचा इंडिकेटर गेला. शिवाय मागच्याला गाडी उभी आहे की चालतेय हे कळत नाही, आणि उलट घोळ म्हणजे खरोखर उभी असलेली गाडीसुद्धा ‘चालत असेल’ म्हणून घेतली जाते. हेडलाइट लो बीमवर, मागचा लाल फॉग असेल तर तो, आणि वेग कमी. पाऊस किंवा धुकं सरलं की मागचा फॉग बंद, नाहीतर त्याच्यापुढे ब्रेकलाइट उठून दिसत नाही.

पेडलपुराण
इलेक्ट्रिकवाल्यांसाठी. पाय नुसता उचलला तरी रिजनरेशनने (मोटर उलट वीज तयार करते त्याने) गाडी हळू होते, मग ब्रेकलाइट लागतो का? नियमात मंदन १.३ च्या वर गेलं की लागलाच पाहिजे, ०.७ च्या खाली लागता कामा नये, मधे कंपनीची मर्जी. म्हणून मागच्याला तो कधी लागतो, कधी नाही असं वाटतं. बिघाड नाही तो.

मशीन झालं, वाळत घालून येते.

शंकेखोर
आणि ब्रेकच लागला नाही तर? तेव्हा कसला सिग्नल अन् कसलं काय.

बोनेटखाली
पेडल भराभर पंप करा, गळती थोडी असेल तर दाब परत येतो. एकेक गिअर खाली आणा, इंजिन बंद करू नका. हँडब्रेकचं बटण दाबून धरून हळूहळू ओढा, झटका दिला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर स्विच ओढून धरून ठेवा. अनेक गाड्यांत तो धरला असेपर्यंत ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) चारही चाकांना ब्रेक लावतं, सोडला की सुटतो. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, पण मॅन्युअल ग्लव्हबॉक्समध्ये पॅकबंद. हॉर्न आणि हॅझर्ड सोबत चालू.

लांब उतारावर ब्रेक तापतात आणि अनेकदा दोष ब्रेक ऑइलचा असतो. ते हवेतली ओल धरतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओल धरल्यावर ही हमी १५५ पर्यंत खाली येते. उकळलं की वाफेचे बुडबुडे, आणि पेडल थेट फरशीला. म्हणून गाडी फार न पळलेली असली तरी दोन वर्षांनी ऑइल बदलायचं.

दोनचाकी
बंद पडलेल्या गाडीचं कुणी लिहिलं नाही. गाडीत जोर उरलाय तोवर कडेला घ्या, वळणावर किंवा चढाच्या माथ्यापलीकडे थांबू नका. वाहतुकीपासून दूरच्या दाराने उतरा, सगळ्यांना कठड्यापलीकडे पाठवा. धोक्याचा लाल त्रिकोण साध्या रस्त्यावर ५० मीटर मागे, वेगवान रस्त्यावर १०० किंवा जास्त. १०० च्या वेगाने येणारा ते १०० मीटर ३.६ सेकंदात संपवतो, यावरून ठरवा. त्रिकोण उघडून छातीसमोर धरून चालत जा म्हणजे तुम्हीही दिसाल. वळण असेल तर त्रिकोण मागून येणाऱ्याला वळणाआधीच दिसेल असा ठेवा. कडेला चालायला जागाच नसेल तर त्रिकोण राहू दे, जीव आधी.

निवांत७
हॅझर्ड किती वेळ टिकतो अशा वेळी?

रिलेवाला
२१ वॅटचे चार आणि बाजूचे ५ वॅटचे दोन, एकूण ९४ वॅट. अर्धा वेळ पेटलेले, म्हणजे सरासरी ४७ वॅट, साधारण ४ अँपिअर. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर ११ तास देईल. परत स्टार्ट व्हायला हवी असेल तर चार-पाच तास धरा, जुनी बॅटरी असेल तर त्याहून कमी. एलईडीवाल्यांना चिंता नाही.

शंकेखोर
घरबसल्या ब्रेकलाइट कसा तपासायचा? मदतीला कुणी नाही. फडफड तपासायला ५० च्या वर जाऊन ब्रेक मारू का?

रिलेवाला
रस्त्यावर मुळीच नको. फडफड वर्कशॉपमध्ये बघायला सांगा, काही गाड्यांत स्कॅनरने उभ्या गाडीतही दिवे चालवून बघता येतात. तुम्ही फक्त साधे ब्रेकलाइट बघा. रात्री गाडी भिंतीला पाठ करून उभी करा, पेडल दाबा, आरशात दोन लाल डाग आणि वरच्या तिसऱ्या दिव्याचा एक दिसला पाहिजे. एकही नसेल तर पेडलजवळचा स्टॉप स्विच बघा. त्याच स्विचपायी पुश बटणने गाडी स्टार्ट न होणं, ऑटोमॅटिकचा गिअर ‘पी’मधून न निघणं, क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) न लागणं असलेही प्रकार होतात, आणि लोक भलतेच पार्ट बदलत बसतात.

शंकेखोर
भिंतच नसेल तर?

पेडलपुराण
आले. हँडब्रेक लावून इंजिन बंद, आणि पेडल ते सीट असा लाकडी दांडा अडकवा, मग निवांत मागे जाऊन बघा. नंतर दांडा काढा मात्र, नाहीतर ब्रेकलाइट रात्रभर बॅटरी खातील.

दोनचाकी
आमच्याकडे दुचाकीवर पुढच्या लिव्हरला रबरबँड. पण पायाच्या ब्रेकचा स्विच वेगळा असतो, तो वेगळा तपासा. मागच्या चाकाजवळच्या चिखलाने तोच आधी जातो.

उनाड_चाक
रबरबँड आहे, दांडा शोधतोय.