बाथरूमचं काम बिघडलंय आणि ठेकेदार शेवटचा हप्ता मागतोय

ओलावलेली

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं की "वकील गाठा" एवढंच उत्तर मिळतं आणि मला एवढ्यात तिथपर्यंत जायचं नाहीये.

बाथरूम पूर्ण उकरून नवीन करून घेतली. जुन्या फरश्या काढणं, वॉटरप्रूफिंग, नवीन पाइप, खाली-वर मोठ्या व्हिट्रिफाइड टाइल्स, नवा दरवाजा. ठेकेदार ओळखीतून आलेला, बोलायला गोड. करार म्हणाल तर त्याच्या लेटरहेडवरचं एक पानी कोटेशन आणि त्यावर दोघांच्या सह्या. त्यात "वॉटरप्रूफिंगसह" एवढाच शब्द आहे. कोणतं, किती थर, काही लिहिलेलं नाही.

वापर सुरू झाल्यावर एकेक दिसायला लागलं. आंघोळीचं पाणी जाळीकडे जायचं सोडून दरवाजाकडे येतं आणि उरलेलं कमोडच्या मागे डबकं करून बसतं. दर आंघोळीनंतर वायपर घेऊन उभं राहायचं. पलीकडच्या बेडरूमच्या भिंतीला खालून हातभर ओल चढलीय. आधी रंगाला फुगे आले, मग पापुद्रे सुटले, आता नखाने खरवडलं तर पांढरी पूड हाताला लागते. कोपऱ्यातल्या काही टाइल्सवर पाय पडला की आवाज वेगळा येतो. दरवाजा खाली घासतो, पण ते मी सोडून द्यायलाही तयार आहे.

ठेकेदाराचं उत्तर दर वेळी नवं. आधी "ताजं काम आहे, सुकेल." मग "तुमच्याकडे पाणी फार वापरतात." (बाथरूममध्ये पाणी न वापरता काय करायचं ते काही बोलला नाही.) मग "ओल जुनीच असणार, मी यायच्या आधीची." शेवटी एका पोराला पाठवून टाइल्सच्या सांध्यांवरून पांढरं सिमेंट फिरवून घेतलं आणि म्हणाला, आता बघा. बघितलं. ओल आहे तिथेच आहे.

आता सकाळ उजाडली की हप्त्यासाठी फोन. आमचे हे म्हणतात, देऊन मोकळी हो, दुसऱ्याकडून नीट करून घेऊ. सासूबाई म्हणतात, दमडी देऊ नकोस. मला दोन्ही पटत नाही. चूक त्याचीच आहे हे त्याच्या तोंडावर दाखवायचं कसं? हप्ता सगळा अडवायचा की थोडा? आणि दुसरा मिस्त्री बोलावून उकरायला सुरुवात केली तर चालेल का?

सडेतोड

सासूबाई बरोबर आहेत. पैसे हातात आहेत तोवर तो फोन करतो. पैसे गेले की तुम्ही फोन करणार आणि तो उचलणार नाही.

थापीवाला

ताई, पहिलं म्हणजे काहीही उकरू नका. एक टाइलसुद्धा हलवू नका. दुसऱ्या मिस्त्रीची छिन्नी लागली की पहिला म्हणणार, माझं काम तर चांगलं होतं, यानेच बिघडवलं. मग ते तुम्ही कशाने खोडणार?

मी आयुष्यभर टाइल बसवली, आता इतरांची बसवलेली तपासतो. तुम्ही ओलीवरून भांडताय, कारण त्रास तिचा जास्त आहे. पण ओलीवर वाद घालायला शंभर वाटा असतात. जुनी आहे, बाहेरून येतेय, पाइपातून येतेय. ढाळ मात्र मोजता येतो, त्यावर वाद नाही. मीटरभर लांबीची सरळ पट्टी घ्या, त्यावर लेव्हल बॉटल (बुडबुड्याने सपाटी दाखवणारी नळी) ठेवा. पट्टीचं एक टोक दरवाजाकडच्या फरशीवर, दुसरं जाळीच्या दिशेला. बुडबुडा मधोमध येईपर्यंत जाळीकडचं टोक उचला आणि खाली किती फट राहिली ते मोजा. बाथरूममध्ये मीटरला साधारण १० ते २० मिलिमीटर उतार जाळीकडे हवा. तुमच्या वर्णनावरून तिथे तो उलटा असणार, म्हणजे जाळीकडचं टोकच टेकलेलं राहील आणि फट दरवाजाकडे पडेल. पट्टी, बॉटल आणि टेप एकाच चौकटीत येतील असा फोटो काढा.

आता यातली मेख अशी, की उलटा ढाळ वरून काही फासून सुधारत नाही. खालची फरशी उचलावीच लागते. आणि फरशी उचलली की खालचं वॉटरप्रूफिंग शाबूत राहत नाही, तेही नव्याने करावं लागतं. म्हणजे ओलीचा वाद न जिंकताही तुमचं ओलीचं काम होतं. म्हणून ढाळ पुढे करा, ओल मागे ठेवा.

तरी ओलीचा माग काढाच. क्रमाने. आधी घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि दोन तास पाणी अजिबात वापरू नका. आकडा सरकला तर दाबाच्या पाइपात गळती आहे. मीटर नसेल तर प्लंबरकडे हातपंप असतो, पाइपात दाब भरून काटा उतरतो का ते तो बघतो. मग फरशी कोरडी ठेवून बादलीने थेट जाळीत पाणी ओता, दोन-तीन दिवस फक्त तेवढंच करा. ओल वाढली तर गळती ट्रॅपमध्ये (जाळीखालचं पाणी धरून वास अडवणारं भांडं) किंवा त्याच्या खालच्या पाइपात. सगळ्यात शेवटी पाणी भरायची चाचणी. जाळीचं तोंड बुच मारून बंद करा, दरवाजात ओल्या सिमेंटचा छोटा बांध घाला, दोन बोटं पाणी भरा, पाण्याच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारा आणि निदान २४ तास थांबा. खाली कोणी राहत असेल तर त्यांना आधी सांगा आणि छतावर थेंब दिसताच बुच काढा. बेडरूमच्या भिंतीवर आजच्या ओलीच्या कडेनेही रेघ मारून ठेवा. ती ओलांडून ओल पुढे आली तर उत्तर मिळालं. पाण्यात थोडा रंग टाकलात तर कुठून झिरपलं तेही कधीकधी दिसतं.

ही चाचणी त्याच्या समोर करा. तुम्ही एकट्याने केलेली चाचणी तो मानणार नाही.

सांध्यातल्या पांढऱ्या सिमेंटबद्दल. सिमेंटचं ग्राउट पाणी अडवतच नाही, ते फक्त फट बुजवतं. पाणी अडवतो तो टाइलच्या खालचा लेपाचा थर. दोन हात (थर) मारलेला, दुसरा हात पहिल्याला आडवा, कोपऱ्यात विणलेल्या कापडी जाळीची पट्टी दाबलेली, भिंतीवर फूटभर आणि शॉवरच्या बाजूला डोक्यापर्यंत चढवलेला. तो नसेल तर वरून कितीही सांधे भरा.

पोकळ टाइल्सचं म्हणाल तर स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने प्रत्येक टाइलवर पाच ठिकाणी टकटक करा, बद्द वाजेल तिथे खडूने फुली मारा. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी पीत नाही, त्यामुळे साधा सिमेंटचा माल तिला धरत नाही, तिला अॅडेसिव्ह लागतं आणि तेही दातेरी पत्र्याने सगळीकडे पसरलेलं. घाईत लोक चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक गोळा ठेवून टाइल दाबून देतात. वरून सुंदर दिसते. उचलल्यावर पाठ बघा. पाच गोल डाग आणि बाकी पाठ कारखान्यातून आली तशी स्वच्छ. तशी पाठ निघाली तर ती टाइल फेकू नका, जपून ठेवा.

ठेकेदारच_बोलतोय

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. वरचं तांत्रिक सगळं मान्य. पण ताई, तीन गोष्टी आधी सांगा. कमोड आणि नळ त्यानेच बसवले की तुम्ही दुसरा प्लंबर आणला? बाथरूमची फरशी बाहेरच्या खोलीपेक्षा उंच होऊ नये असा आग्रह तुमचा होता का? आणि टाइल्स कोणी आणल्या?

का विचारतो, तर बरेचदा मालक म्हणतात, उंबरा नको, पायरी नको. मग ढाळाला जागाच उरत नाही आणि मिस्त्री जेमतेम सपाट करून निघून जातो. त्याने तेव्हाच लेखी नाही म्हणायला हवं होतं, हे खरं. पण त्याच्याकडे ते उत्तर तयार असेल, तुमच्याकडेही असू द्या.

आणि सडेतोड यांना एवढंच, की सगळा हप्ता अडवला की माणूस भिंतीला पाठ लावून भांडतो. त्यालाही मजुरी चुकवायची असते. त्याला परत यायची वाट ठेवा. मी त्याच्या जागी असतो तर कबूल करायला लावणारी अट एकच: हप्त्याचे तुकडे. फरशी उचलून नवा लेप मारला, पाणी भरून २४ तास टिकलं, की एक तुकडा. टाइल्स बसून ढाळ मोजला की दुसरा. थोडी रक्कम पुढचे काही महिने राखून, ओल परत आली नाही की ती. मोठ्या कामांत ५ ते १० टक्के असे राखतातच, त्यात अपमान वाटायचं कारण नाही.

कागदपत्री

तोंडी बोलणं आजपासून बंद. फोन उचला, पण ठेवल्यावर लगेच मेसेज टाका: "आत्ता फोनवर तुम्ही अमुक म्हणालात, मी तमुक म्हणाले." त्याने उत्तर दिलं नाही तरी तारीख राहते.

पत्रात राग नको, यादी हवी. साधारण असं लिहा: "कोटेशनप्रमाणे केलेल्या कामात पुढील दोष आहेत. ढाळ जाळीच्या विरुद्ध (मोजमाप व फोटो सोबत). भिंतीला ओल. अमुक टाइल्स पोकळ. आपण १५ दिवसांत येऊन दोघांच्या समोर तपासणी करावी व दुरुस्ती कधी सुरू करणार ते लेखी कळवावे. न कळवल्यास दुरुस्ती इतरांकडून करून घेऊन खर्च आपल्या बाकी रकमेतून वळता करण्यात येईल." दरवाजाही लिहा. सोडायचा तर तडजोडीच्या वेळी सोडा, आत्ताच नाही.

दुरुस्तीची संधी द्यायचीच. न देता दुसऱ्याला लावलंत तर पुढे कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न तोच येणार. किती अडवायचं याचं उत्तर: दुरुस्तीला जेवढं लागेल तेवढं. त्यासाठी दोन वेगळ्या माणसांकडून फक्त दुरुस्तीची लेखी अंदाजपत्रकं घ्या. बाकी रक्कम त्याहून जास्त असेल तर वरचे पैसे देऊन टाका, तुमची बाजू भक्कम होते. आणि पैसे घेताना तो "काम समाधानकारक झाले" अशा कागदावर सही मागेल, ती करू नका.

ग्राहक तक्रार, दावा वगैरे नंतर आहेच, पण तिकडेही हेच कागद लागतात. तक्रारीला मुदत असते, तेवढी बघून ठेवा. आणि चिडून त्याच्याबद्दल सगळीकडे लिहीत सुटू नका. "चोर आहे" लिहिलंत की भांडणाचा विषय बाथरूम राहत नाही.

ओलावलेली

सगळ्यांचे आभार. ठेकेदारदादा, प्लंबर त्याचाच, टाइल्स आम्ही आणल्या आणि पायरी नको असं मी अजिबात म्हटलं नव्हतं. उलट आधीच्या बाथरूमला उंबरा होता, तो याने काढला.

पत्र गेलं. चार दिवस शांतता, सकाळचे फोनसुद्धा बंद. मग आला, सोबत मिस्त्री. थापीवाला यांनी सांगितलं तसं मी पट्टी आणि लेव्हल बॉटल काढून ठेवली होती. ठेकेदार म्हणाला, त्याची काय गरज, डोळ्यांना दिसतंय. मी म्हटलं, दिसतंय ना, मग मोजूच. मिस्त्रीनेच पट्टी धरली. फट दरवाजाकडे पडली. मिस्त्री ठेकेदाराकडे न बघता म्हणाला, "हे उलटं झालंय." त्यानंतर "जुनी ओल" हा विषयच निघाला नाही.

नळ बंद ठेवले तेव्हा मीटर हलला नव्हता आणि नुसतं जाळीत पाणी ओतलं तेव्हा भिंतीवर फरक पडला नव्हता. पाणी भरल्यावर मात्र दुसऱ्या दिवशी ओल पेन्सिलीची रेघ ओलांडून पुढे आलेली. तोही येऊन बघून गेला.

ठरलं ते असं: खालची सगळी फरशी आणि भिंतीची खालची एक ओळ तो उचलणार, लेप नव्याने, मजुरी आणि लेपाचं सामान त्याचं, हप्त्याचे तीन तुकडे. लेपाचं नाव आणि किती हात मारायचे ते लिहून घेतलं. दोघांच्या सह्या झाल्या. बेडरूमचा रंग आम्ही करणार, तेवढं मी सोडलं. दरवाजा तो तासून देतोय.

अडलंय ते एका ठिकाणी. तो म्हणतो, याच टाइल्स जपून काढून परत लावू. चालेल?

थापीवाला

नाही. ज्या गोळ्यांवर बसल्यात त्या सहज सुटतील, पण जिथे नीट चिकटल्यात तिथे कोपरे उडतील आणि पाठीवरचा माल घासून काढण्यात निम्मा वेळ जाईल. मालाचा थर राहिलेल्या टाइलवर नवीन अॅडेसिव्ह धरत नाही, म्हणजे परत पोकळ. तुम्ही आणलेल्यातल्या किती उरल्यात ते आजच मोजा, आणि खोक्यावर छापलेला बॅच आणि शेडचा नंबर फोटो काढून दुकानात दाखवा. त्याच बॅचच्या मिळाल्या तर उत्तम. नाही मिळाल्या तर खाली मुद्दाम वेगळ्या रंगाच्या घ्या, तोच रंग दुसऱ्या बॅचचा घेतलात तर डाग पडल्यासारखा दिसतो. या वाढीव टाइल्सचे पैसे कोण देणार ते उचलायच्या आधी त्याच कागदावर लिहून घ्या, खाली जागा असेलच.

आणि भिंती सुकायला वेळ द्या. ओल असताना बेडरूमला रंग लावलात तर परत फुगे येतील, तेव्हा तो म्हणेल ते खरं असेल. आधी भिंतीवरची ती पांढरी पूड, म्हणजे लोणा, ब्रशने कोरडाच झाडून काढा, पाण्याने धुऊ नका.