चौथीच्या आरोग्याच्या तासाचे नियम : वर्गासमोर वजन कशाला?

इंदिरानगरची आई (धागाकर्ती)

मुलगी चौथीत आहे. शाळा नाशिकमधलीच, नाव लिहीत नाही. जूनमध्ये आरोग्याच्या तासाचं सूचनापत्रक घरी आलं, खाली पालकांची सही मागितलेली. नियम थोडक्यात असे : दर शुक्रवारी नखं, हातरुमाल आणि पाण्याची बाटली तपासणार. डब्यात पाकिटातलं खाणं दिसलं तर वहीत शेरा. अवयवांची नावं पुस्तकी, नीट घ्यायची, हसायचं नाही. दुसऱ्याच्या घरची किंवा शरीराची गोष्ट वर्गाबाहेर बोलायची नाही. विचारायला लाज वाटली तर प्रश्न चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचा, नाव नको. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी उंची-वजन. सगळ्याला मिळून २० गुण.

मी आनंदानं सही केली. प्रश्नपेटी तर मला फारच आवडली. आमच्या वेळी असं काही नव्हतं.

मग जुलैचा पहिला शुक्रवार आला. मुलं ओळीत उभी. एकेक जण काट्यावर चढला आणि आकडा मोठ्यानं वाचला गेला, कारण वहीत लिहून घेणारी मुलगी मागच्या बाकावर बसली होती. माझ्या मुलीचा आकडा ३८. मागून कुणीतरी तो पुन्हा म्हटला, चालीवर. तेव्हापासून डब्यातली दुसरी पोळी परत येते, घडीसुद्धा न मोडलेली. परवा आंघोळीनंतर ती आरशासमोर पोट आत ओढून उभी होती. नऊ वर्षांची आहे.

तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला त्याच आठवड्यात बिस्किटाच्या पुड्याबद्दल लाल शाईत शेरा मिळाला. तिची आई अंबडला कंपनीत पहिल्या पाळीला जाते, पहाटे साडेपाचला घर सोडते. शेरा कुणाला मिळायला हवा होता आणि मिळाला कुणाला?

माझं म्हणणं एवढंच की जे मुलाच्या हातात नाही, त्याबद्दल मुलाला वर्गासमोर उभं करू नका. दुसऱ्याच्या शरीराची गोष्ट बाहेर बोलायची नाही, हे त्याच पत्रकात लिहिलंय. मग वजन मोठ्यानं वाचलं तेव्हा तो नियम कुठे गेला?

पंचवटीतली शिक्षिका

ताई, मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं. पण बाईंची बाजू कुणीतरी मांडायला हवी. ३५ मिनिटांचा तास, ४५ मुलं, हाताखाली कुणी नाही. त्यात उंची मोजा, वजन करा, नोंदी ठेवा आणि उरलेल्या वेळात शिकवा. आकडा मोठ्यानं वाचला तो घाईत. मुलीला खाली पाहायला लावण्यासाठी कुणी वाचत नाही.

डब्याच्या नियमावर मात्र मी ठाम आहे. शाळेतल्या मुलांच्या आहाराबद्दल अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे नियम आहेत. जास्त मीठ, साखर, चरबी असलेले पदार्थ शाळेत किंवा आवारापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. पण ती बंदी विक्रीवर आहे, घरून आलेल्या डब्यावर नाही. तिथे शाळेलाच नियम करावा लागतो. माझ्या वर्गात नियम नव्हता तेव्हा मधल्या सुट्टीत वेफर्सच्या पाकिटांचा नुसता आवाज असायचा, आणि भाजी-पोळीवाली मुलं डबा मांडीवर झाकून खायची. लाज त्यांनाही वाटायची. नियम आल्यावर महिन्याभरात डबे उघडे ठेवून, वाटून खायला लागली. शेरा कडू लागतो, पण त्याशिवाय घरी निरोप पोचत नाही.

इंदिरानगरची आई

निरोप घरीच पोचवायचा असेल तर पालकांना फोन करा. लाल शेरा शेजारच्या तीन बाकांना दिसतो.

नाशिकरोडचा बाप

डबा, वजन ठीक आहे, त्यावर तोडगा निघेल. माझा आक्षेप वेगळाच आहे. चौथीच्या मुलांना गुप्तांगांची नावं वर्गात सगळ्यांसमोर म्हणायला लावायची? मुलं-मुली एकत्र बसलेली असताना? २००७ साली राज्य सरकारनंच शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला होता, तो उगाच नाही. या गोष्टी आई मुलीला, बाप मुलाला सांगतो. वेळ आली की सांगतो. शाळेनं हात धुवायला, दात घासायला शिकवावं. मी पत्रकावर सही केलेली नाही.

बालरोगतज्ज्ञ, कॉलेजरोड

दोन मुद्दे आहेत, दोन्ही सविस्तर लिहितो.

आधी वजन. ३८ किलो हा नुसता आकडा ऐकून मी काहीही सांगू शकत नाही, मग वर्ग काय सांगणार? मुलांचं वजन वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे पाहून वाढीच्या तक्त्यावर मांडतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे ५ ते १८ वर्षांसाठीचे तक्ते २०१५ पासून आहेत. मोठ्यांचे बीएमआयचे, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचे, आकडे मुलांना जसेच्या तसे लावत नाहीत. त्यातही एका वेळच्या मोजणीपेक्षा रेषा वर्षभरात कशी सरकते ते महत्त्वाचं. म्हणजे शाळेनं वजन करू नये असं नाही, जरूर करावं. काटा भिंतीकडे तोंड करून ठेवावा, बाईंनी स्वतः लिहावं आणि कागद पालकांच्या हातात द्यावा. ताई, मुलीनं जेवण कमी केलंय, तर तिला एकदा तुमच्या डॉक्टरांना दाखवाच. या वयात मनानं ठरवलेलं डाएट वाढीच्या मुळावर येतं.

आता नावं. दादा, तुम्ही म्हणताय तो २००७ चा कार्यक्रम मोठ्या वर्गांसाठी होता. इथे फक्त शरीराच्या भागांची नावं आहेत. मध्यंतरी एका मुलाला रात्री आणलं. दुपारपासून 'पोटात दुखतंय' म्हणत होता, घरच्यांनी ओवा दिला, हिंग लावला. तपासलं तर वृषणाला पीळ पडलेला. यात सुरुवातीचे साधारण सहा तास हाताशी असतात, उशीर झाला तर तो भाग वाचणं कठीण. त्याला दुखतंय कुठे ते पक्कं माहीत होतं. सांगायला शब्द नव्हता, आणि त्या भागाबद्दल बोललं की मार बसतो असं वाटत होतं. त्याचे वडीलही म्हणत होते, वेळ आली की सांगणार होतो. मुलींचं म्हणाल तर काहींना पाळी चौथी-पाचवीतच येते. वेळ आपण ठरवत नाही.

जि. प. शिक्षक, सुरगाणा तालुका

आमच्याकडचं चित्र थोडं वेगळं, म्हणून लिहितो. आमच्या वर्गात वजन मोठ्यानं वाचलं की मुलं टाळ्या वाजवतात. दिवाळीनंतर कुणाचं किलोभर वाढलेलं दिसलं तर तो दिवसभर सांगत फिरतो. त्यामुळे आकडा मोठ्यानं वाचणं म्हणजे अपमानच, हे मला सरसकट पटत नाही. पण शहरातल्या मुलीला तोच आकडा वेगळा ऐकू येतो, हे या धाग्यावरून कळलं.

नखांबाबत बोलायचं तर नियम हवाच. नखांतल्या मातीतून जंतांची अंडी पोटात जातात. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला आम्ही जंतनाशक गोळी देतो, अल्बेंडाझोल, समोर चावून खायला लावतो. पण नखं वाढलेलीच राहिली तर पुन्हा तेच. पहिल्या वर्षी मी न कापणाऱ्यांना उभं करायचो. एके सोमवारी एक पोरगी आली, दहाही बोटांची नखं दातांनी कुरतडलेली, दोन बोटांना रक्त आलेलं. घरी नेलकटर नव्हतं, वडील ब्लेडनं कापायचे आणि ते द्राक्षाच्या कामाला निफाडकडे गेलेले. त्या दिवसापासून वर्गात दोन नेलकटर दोरीला बांधून ठेवलेत. खिडकीत बसून मुलं एकमेकांची नखं कापतात. आता कुणाला उभं करावं लागत नाही. नियम करायचा तर साधन शाळेनं पुरवायचं, मी एवढं शिकलो.

समुपदेशक, सिडको

सगळे वजन आणि डब्यावर बोलताय, मला त्या पत्रकातला 'वर्गाबाहेर बोलायचं नाही' हाच नियम धोक्याचा वाटतो. हेतू चांगला आहे, मैत्रिणीची चेष्टा गल्लीभर होऊ नये. पण नऊ वर्षांचं मूल त्यातून काय उचलतं? शरीराबद्दलच्या गोष्टी गुपित ठेवायच्या. त्रास देणारा माणूसही मुलाला तेच सांगतो : कुणाला बोलू नकोस. नियम असा लिहा : दुसऱ्याची गोष्ट चेष्टेसाठी सांगायची नाही. स्वतःची गोष्ट घरी, बाईंना, कुणाही विश्वासातल्या मोठ्या माणसाला केव्हाही सांगायची. मैत्रिणीला कुणी त्रास देतंय असं कळलं तर तेही सांगायचं. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर प्रश्नपेटीवर मोठ्या अक्षरात लिहा. आणि पेटी रोज उघडा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती कळवणं बंधनकारक आहे. चिठ्ठी आठवडाभर पेटीत पडून राहिली तर काय?

इंदिरानगरची आई

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तर त्याच नियमाचा आधार घेऊन भांडत होते. शनिवारी पालकसभा आहे. काटा भिंतीकडे, डब्याचा शेरा बंद करून पालकांना फोन, आणि हा नियम नव्यानं लिहायचा, अशी तीन कलमं लेखी देते. नखांचे गुण काढून टाका असंही म्हणणार होते, पण सुरगाण्याच्या सरांचं वाचून नेलकटरच मागते.

पंचवटीतली शिक्षिका

काटा फिरवायला काहीच लागत नाही, मी सोमवारीच फिरवते. फोनचं म्हणाल तर ४५ घरांना फोन कधी करायचे ते सांगा. डब्याचा नियम मी सोडणार नाही, शेरा फार तर वहीऐवजी बंद चिठ्ठीत देईन. बिस्किटवाल्या मुलीसाठी मात्र वेगळं काही करायला हवं, ते मान्य. आमच्याकडे अनुदानित शाळा म्हणून दुपारचा पोषण आहार शिजतो, त्यात ती जेवली असती. तुमच्या शाळेत ती सोय नसावी.

नाशिकरोडचा बाप

डॉक्टरसाहेब, त्या पोटदुखीच्या मुलाबद्दल दोनदा वाचलं. माझा मुलगा पण 'पोटात' म्हणतो, कुठेही दुखलं तरी. तरीही मुलं-मुली एकत्र बसवून हा धडा घेणं मला पटत नाही, वेगवेगळे बसवा. आणि शब्द कोणते वापरणार, चित्रं कुठली दाखवणार, हे आम्हाला आधी बघू द्या. पालकसभेत तो तास आमच्यासमोर घ्या. मी येतो, बायकोलाही आणतो. सही त्यानंतर.