मदत हवी आहे: भरावाची माती खालच्या भातखाचरांत जाऊ नये म्हणून काय करावं?

नमस्कार मंडळी. चिपळूणजवळ डोंगरउतारावर घराचं बांधकाम सुरू आहे. जोतं झालंय, पण भरावाची लाल माती उघडीच आहे आणि पाऊस तोंडावर आलाय. इथे हंगामात ३००० मिमीहून जास्त पडतो. खालच्या अंगाला काकांची खाचरं नि विहीर आहे. तिथे गाळ गेलेला मला अजिबात चालणार नाही.

वरचं पाणी चर खणून बाजूला वळवतोय, पायथ्याशी जांभ्याचा गडगा (दगडी बांध) घालतोय. माती धरून ठेवायला वाळा (खोल मुळांचं गवत) लावणार आहे, पण तो मूळ धरेपर्यंत पावसाळा सरेल. तोवर काथ्याची जाळी अंथरावी, की भाताचा पेंढा पुरेल? कंत्राटदार प्लास्टिक टाका म्हणतो, पण त्यावरून पाणी आणखी जोरात घसरून खालची कड कापेल. गडग्याआधी गाळ बसायला खड्डा केवढा घ्यावा? कोकणात कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.