प्रतिसाद: कुसू ढिलं का पडतं?

फळीच्या दाराच्या चौकटीचं कुसू (एका लाकडाचं, दुसऱ्याच्या भोकात बसणारं टोक) दोन महिन्यांत हलायला लागलं, फेव्हिकॉल खराब होता का, असा प्रश्न आहे. फेव्हिकॉलला दोष देऊ नका. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ओलं लाकूड आकसणारच.

जोडही नीट बसायला हवा. ३६ मिमी जाडीच्या लाकडात भोक पाडायला १२ मिमीची पटाशी घ्या. भोक आधी, कुसू नंतर. पटाशीचीच रुंदी खतावणीवर (रेघा आखायचं हत्यार) लावून दोन्हीकडे आखा. भोक मधून सुरू करा, टोकांना ३ मिमी शेवटपर्यंत ठेवा, नाहीतर पटाशी उचकटताना कडा दबतात. आरपार नसेल तर खोली कुशापेक्षा २ मिमी जास्त, सरसाला जागा हवी. कुसू कापताना करवत रेषेच्या बाहेरून. कुसू हातानं अर्धं जावं, पुढं मोगरीच्या (लाकडी हातोड्याच्या) हलक्या ठोक्यांनी. जोरात ठोकावं लागलं तर लाकूड फाटतं, पाचर मारून झाकलेलं ढिलं कुसू तर पुन्हा हलतंच.